संगणक उठत नाही, तेव्हा काय करावे?



विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर आपण काय करतो? लगेच नवी मोटर आणायला तालुक्याला धावतो का? नाही. आधी वीज आहे का ते बघतो. मग फ्यूज बघतो. मग स्टार्टर बघतो. वायर कुठे उंदराने कुरतडली आहे का, तेही बघतो. एवढे करूनही मोटर हूं की चूं करीत नाही, तेव्हा कुठे मिस्त्रीला बोलावतो.

संगणकाचेही असेच आहे. तो बंद पडला म्हणजे मेला, असे नाही. एकेक पायरी बघत जायचे. ती कशी बघायची, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "आम्हा खेड्यातल्या माणसांना संगणकाचं काय?" तर ऐका. सातबाराचा उतारा आता संगणकातून निघतो. ग्रामपंचायतीचा दाखला संगणकातून निघतो. गावच्या शाळेत संगणक आहे. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांची मुले, सुना, भाऊ, भाचे मुंबईच्या उपनगरांत राहतात. कुणी अंधेरीला, कुणी बोरिवलीला, कुणी मुलुंडला, कुणी घाटकोपरला. त्यांच्या घरी जुना संगणक असतो. तो कधी बंद पडतो, आणि घर चिंतेत पडते.

उपनगरांतले जुने संगणक

मुंबईच्या उपनगरांचा आणि संगणकाचा संबंध जुना आहे. पवईची तंत्रज्ञानाची मोठी संस्था १९५८ साली सुरू झाली. तिला आपण आय.आय.टी. म्हणतो. तिथे त्या काळच्या सोव्हिएत देशाचा 'मिन्स्क' नावाचा संगणक आला होता. पुढे १९७३ साली अंधेरीला 'सीप्झ' ही वसाहत सरकारने वसवली. परदेशी पाठवायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू तिथे तयार व्हाव्यात, हा हेतू होता. नंतर तिथे संगणकाच्या कंपन्याही आल्या.

अशा कचेऱ्यांत काही वर्षांनी नवे संगणक येतात. जुने उतरवले जातात. ते शिकवणीच्या वर्गात जातात, झेरॉक्सच्या दुकानात जातात, चाळीतल्या घरात जातात. काही गावच्या शाळेतही पोचतात. वापरलेली बैलगाडी जशी दुसऱ्या घरी चालते, तसाच जुना संगणकही दुसऱ्या घरी कामाला येतो. पण जुन्या गाडीला वंगण लागते. तिची चाके बघावी लागतात. जुन्या संगणकाचीही निगा ठेवावी लागते.

एक उदाहरण

समजा, घाटकोपरच्या एका चाळीत बायकांचा बचत गट आहे. गटात वीस बायका आहेत. प्रत्येक जण महिन्याला शंभर रुपये भरते. महिन्याचे झाले दोन हजार. वर्षाचे झाले चोवीस हजार. तीन वर्षांचे झाले बहात्तर हजार. कुणी किती भरले, कुणी किती कर्ज घेतले, कुणाचे किती फिटले, हे सगळे गटाच्या जुन्या संगणकात आहे.

एक दिवस खजिनदार बाई संगणक लावायला जातात. आत पंखा फिरतो. लहान दिवा लागतो. 'टूं, टूं' असा आवाज येतो. पण पडद्यावर काहीच नाही! पडदा काळा तो काळाच.

बाईंच्या पोटात गोळा येतो. कोपऱ्यावरचा दुकानदार न बघताच म्हणतो, "मशीन गेलं. नवं घ्या."

आता बहात्तर हजारांचा हिशेब गेला का? बायका काय म्हणतील? पैशापेक्षा विश्वास मोठा. तो गेला की गट मोडतो.

या बाईंनी काय करावे? ते कळायला आधी संगणकाचे अवयव ओळखू या.

संगणकाचे अवयव

टेबलावर चार वस्तू दिसतात. पडदा, म्हणजे मॉनिटर. अक्षरे दाबायचा कीबोर्ड. हातात धरायचा माऊस. आणि एक उभी पत्र्याची पेटी. लोक या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात. खरा संगणक या पेटीत असतो. पडदा म्हणजे फक्त तोंड.

पेटीत काय असते?

एक पत्र्याचा डबा असतो. त्याला पॉवर सप्लाय किंवा एसएमपीएस म्हणतात. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची येते. एवढी वीज संगणकाच्या नाजूक भागांना सोसत नाही. हा डबा तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करून देतो. धरणाचे पाणी पाटात, आणि पाटाचे पाणी वाफ्यात सोडतात ना? तसेच हे.

एक मोठी हिरवी किंवा निळी पाटी असते. ती मदरबोर्ड. सगळे भाग तिला जोडलेले असतात.

पाटीवर पंख्याखाली प्रोसेसर असतो. तो हिशेब करतो.

एक लांबट पट्टी असते. ती रॅम. काम चालू असताना लागणारी माहिती रॅममध्ये असते. वीज गेली की रॅममधले पुसले जाते. शाळेच्या फळ्यासारखे.

आणि एक हार्ड डिस्क असते. ती वहीसारखी आहे. वीज गेली तरी तिच्यातले पुसले जात नाही.

हे नीट ध्यानात ठेवा. बचत गटाचा हिशेब फळ्यावर नाही, वहीत आहे. संगणक उठत नाही, म्हणून वही जळाली असे होत नाही.

आधी जीव, मग यंत्र

विजेशी खेळ नको. म्हणून पुढचे नियम पाळा.

हात ओले असताना वायरीला हात लावू नका. पेटी उघडण्याआधी बटण बंद करा, आणि वायर सॉकेटातून काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा कधीही उघडू नका. वायर काढली तरी त्याच्यात काही वेळ वीज साठून राहते. तिचा जबर धक्का बसतो. ते काम जाणकाराचेच.

पेटीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? तसे असेल तर घरातली अर्थिंगची वायर बरोबर नाही. तीन दांड्यांच्या प्लगमधली वरची जाड दांडी अर्थिंगची असते. काही लोक ती मोडून प्लग दोन भोकांत बसवतात. असे कधी करू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या.

पहिली पायरी : वीज पोचते का?

बटण दाबले. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. सगळे शांत. मग समजा, बहुधा वीजच पोचत नाही.

आधी घरातले दिवे बघा. सगळ्या घरात वीज नसेल, तर संगणकाचा काय दोष? विजेच्या बिलावर कंपनीचे नाव असते. तिथे तक्रार करा. मुलुंडला महावितरणची वीज आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत बहुतेक घरांना अदानी कंपनीची वीज येते. तिने हे काम २०१८ साली रिलायन्सकडून घेतले. काही घरांना टाटा पॉवरची वीज आहे. जुनी माणसे अजून 'बीएसईएसचं बिल' म्हणतात. पण तक्रार करताना आजच्या बिलावरचे नाव वाचा. वाचता येण्याचा हाच उपयोग.

घरात वीज आहे, तर मग सॉकेट तपासा. त्याच सॉकेटात मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला, तर सॉकेट ठीक.

संगणक एक्स्टेंशन बोर्डावर किंवा यूपीएसवर आहे का? यूपीएसमध्ये बॅटरी असते. ती काही वर्षांनी थकते. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस वीज अडवून धरतो, आणि आपण संगणकाला बोल लावतो! यूपीएस बाजूला ठेवा. संगणकाची वायर सरळ भिंतीच्या सॉकेटात लावून बघा.

आता वायर बघा. पेटीची जाड वायर आणि पडद्याची वायर पुष्कळदा एकाच जातीची असते. तसे असेल तर दोन्हींची अदलाबदल करा. पडद्याच्या वायरीने पेटी सुरू झाली, तर दोष वायरीचा. थोड्या पैशांत काम झाले.

पेटीच्या मागे, वायर बसते त्याच्याजवळ, एक लहान बटण असते. त्यावर एक उभी रेघ आणि एक गोल असतो. रेघ म्हणजे चालू. गोल म्हणजे बंद. झाडताना, पुसताना हे बटण चुकून गोलाकडे पडते. ते रेघेकडे करा.

काही जुन्या पेट्यांना मागे एक लाल बटणही असते. त्याच्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्याकडे ते २३० वरच पाहिजे. ते ११५ वर ठेवून वीज दिली, तर डबा जळतो. मुलांना सांगून ठेवा, या लाल बटणाशी खेळायचे नाही.

एवढे करून झाले नाही, तर आणखी एक उपाय करा. पेटीच्या सगळ्या वायरी काढा. समोरचे चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत उरलीसुरली वीज निघून जाते. मग वायरी लावा आणि पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानेच काम होते. न झाले, तर पॉवर सप्लाय किंवा समोरचे बटण बिघडले असेल. ते दुरुस्तीवाल्याने बघावे.

दुसरी पायरी : डोळे आणि कान उघडे ठेवा

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. आता काय बघायचे?

आधी पडदा बघा. पडद्याचे स्वतःचे बटण असते. ते चालू आहे का? पडद्याचा लहान दिवा लागतो का? पडदा आणि पेटी यांना जोडणारी वायर दोन्ही बाजूंनी घट्ट बसली आहे का? जुन्या संगणकाला पुष्कळदा निळ्या तोंडाची, पंधरा सुयांची वायर असते. तिची एखादी सुई वाकली, तरी चित्र येत नाही. ती जोराने ढकलू नका.

पडद्यावर 'नो सिग्नल' अशी इंग्रजी अक्षरे फिरत असतील, तर पडदा जिवंत आहे. पेटीकडून त्याला काही येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता कान द्या. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो. काही चुकले, तर पुष्कळ संगणक आवाज करतात. 'टूं' असा आवाज किती वेळा आला? लांब की आखूड? ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक बनावटीची खूण वेगळी असते. दुरुस्तीवाल्याला ती उपयोगी पडते. थांबून थांबून पुन्हा पुन्हा 'टूं' आला, तर पुष्कळदा दोष रॅमचा असतो. घाटकोपरच्या खजिनदार बाईंचे दुखणे हेच असण्याचा संभव आहे.

दोष असा एकेक करून शोधण्याची रीत जुनीच आहे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' नावाचा संगणक चालू झाला. तो आपल्याच लोकांनी बनवला होता. त्यात सुमारे २७०० काचेच्या नळ्या होत्या. तशा यंत्रातली एक नळी गेली, तरी ती हुडकून बदलावी लागे. तिथे मोठमोठे विद्वान होते. पण दोष शोधायचा तो एकेक पायरीनेच. तीच रीत आपली.

तिसरी पायरी : पेटी उघडून साफ करणे

हे काम शांतपणे करावे. घाई नको. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा मदतीला घ्या.

वायर काढा. पाच मिनिटे थांबा. पेटीचे मागचे दोन स्क्रू काढले की एका बाजूचा पत्रा सरकतो. आत हात घालण्याआधी पेटीच्या कोऱ्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगावर थोडी वीज साठलेली असते. ती पत्र्यात उतरते. नाहीतर नाजूक भाग बिघडतात.

आत काय दिसेल? धूळ! रस्त्याची धूळ, बांधकामाची धूळ, कपड्यांचा कापूस. कधी झुरळे, कधी पालीची अंडी. रंगवायचा मऊ कोरडा ब्रश घ्या. हलक्या हाताने धूळ झाडा. पंखा बोटाने धरून मग साफ करा. ओले फडके लावू नका.

संगणक सुरू होऊन थोड्या वेळात आपोआप बंद पडतो का? मग बहुधा उष्णतेचे कारण. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने गुदमरतो. प्रोसेसर तापतो, आणि संगणक स्वतःला वाचवायला बंद होतो. धूळ काढा. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे वीतभर जागा सोडा. तिलाही वारा पाहिजे.

आता रॅमची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना लहान खिट्ट्या असतात. त्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. ती कडेला धरा. खालच्या सोनेरी कडेला बोट लावू नका. मुंबईची हवा दमट. या कडेवर मळ चढतो, आणि वीज नीट जात नाही. पेन्सिलीचे स्वच्छ खोडरबर घ्या. सोनेरी कडेवर हलके फिरवा. रबराचा चुरा कोरड्या कापडाने झाडा.

पट्टीला एक खाच असते. ती खाच जागेवरच्या उंचवट्याला जुळवा. उलटी बसत नाही, म्हणून जोर करू नका. दोन्ही बाजूंनी सारखी दाबा. 'टक्' असा आवाज आला, खिट्ट्या आपोआप लागल्या, की पट्टी बसली. दोन पट्ट्या असतील, तर एक एक लावून बघा. म्हणजे खराब कोणती ते कळेल.

पुष्कळ काळे पडदे या खोडरबराने उजळतात.

आणखी एक गोष्ट बघा. मदरबोर्डवर लहान लहान उभे पिंप दिसतात. त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचे डोके सपाट असावे. फुगलेले असेल, किंवा तपकिरी रस बाहेर आला असेल, तर तो भाग गेला. २००० सालाच्या पुढेमागे बनलेल्या पुष्कळ संगणकांत हे कपॅसिटर कच्चे निघाले. चांगला कारागीर तेवढेच काढून नवे डाख देऊन बसवतो. सगळा मदरबोर्ड टाकावा लागतोच असे नाही.

चौथी पायरी : अक्षरे येतात, पण गाडी पुढे जात नाही

पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरे येतात आणि संगणक थांबतो. घाबरू नका. संगणक तुमच्याशी बोलतो आहे. अक्षरे कागदावर जशीच्या तशी उतरवा, किंवा मोबाईलने फोटो काढा.

तारीख आणि वेळ चुकीची दाखवतो का? 'एफ १ दाबा' असे रोज म्हणतो का? मग मदरबोर्डवरचा सेल संपला असेल. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ या सेलवर चालते. हा गोल चपटा सेल ३ व्होल्टचा असतो. त्याच्यावर २०३२ असा आकडा असतो. या आकड्यात अर्थ आहे. सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. म्हणून २०३२. दुकानात हाच आकडा वाचून घ्या. जुना सेल लहान मुलाच्या हाती पडू देऊ नका. मुलाने सेल गिळला, तर जिवाला धोका असतो. तसे झालेच, तर तडक दवाखाना गाठा.

'डिस्क सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर आधी बघा, पेन ड्राईव्ह किंवा सीडी आत राहिली आहे का? ती काढा आणि पुन्हा सुरू करा. मग हार्ड डिस्कच्या वायरी घट्ट आहेत का ते बघा.

हार्ड डिस्कमधून सारखा 'टक् टक्' आवाज येतो का? मग थांबा! पुन्हा पुन्हा चालू करू नका. पुष्कळ हार्ड डिस्कमध्ये तबकडी असते. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. आतला भाग बिघडला असेल, तर प्रत्येक वेळी चालू केल्याने दुखणे वाढते. अशी डिस्क जाणकाराकडेच न्यावी.

पावसाळ्यात काय करावे?

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईची माणसे विसरलेली नाहीत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे दोन हात उंच पाणी! कुलाब्याला त्याच वेळी फक्त ७३ मिलिमीटर पाऊस होता. शहर वाचले, उपनगरे बुडाली. खालच्या मजल्यावरच्या घरांत पाणी शिरले. पुष्कळ माणसे दगावली. यंत्रे, वह्या, कागद यांची नासाडी झाली, ती वेगळीच.

म्हणून पेटी जमिनीवर ठेवू नका. पाणी चढू लागले, तर आधी घराचा मेन स्विच बंद करा. पाण्यात उभे राहून मात्र स्विचला हात लावू नका. जीव आधी.

संगणक भिजला, तर 'चालतो का बघू' म्हणून चालू करू नका. या एका घाईने भिजलेला संगणक जळतो. पुराच्या पाण्यात चिखल आणि क्षार असतात. वरून वाळला, तरी आत मळ राहतो. कारागिराकडून साफ करून घ्या, मगच वीज द्या.

दुरुस्तीवाल्याशी कसे बोलावे?

आपण जे बघितले ते लिहून न्यावे. मग समोरचा माणूसही नीट वागतो. घाटकोपरच्या खजिनदार बाई कशा बोलतील बघा.

"दादा, सॉकेट बघितलं. वायर बदलून बघितली. पंखा फिरतो. थांबून थांबून टूं वाजतं. पडद्यावर काही येत नाही."

"ताई, तुम्ही तर निम्मं काम केलंत. रॅम असेल. घरी काढून पुसलीत का?"

"धीर झाला नाही. तुम्ही माझ्यासमोर पुसा. आत आमच्या गटाचा हिशेब आहे."

"हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो. रॅम गेली तरी त्याला काही होत नाही."

"आणि भाग बदलावा लागला, तर आधी भाव सांगा. जुना भाग मला परत द्या. बिल पण द्या."

"देतो ना, ताई."

बाईंनी चार गोष्टी नीट केल्या. जे घडले ते सांगितले. समोर उघडायला लावले. भाव आधी विचारला. जुना भाग आणि बिल मागितले. तुम्हीही असेच करा. हार्ड डिस्क दुकानात ठेवायची वेळ आली, तर तिचा नंबर लिहून घ्या. तिच्यात आपले आधारचे कागद असतात, बँकेचे कागद असतात. ती म्हणजे घराची किल्लीच.

कुणी म्हणेल, "तुमचं विंडोज जुनं झालं, म्हणून संगणक उठत नाही." ते खरे नाही. विंडोज दहाला कंपनीने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे. त्यामुळे इंटरनेटवर धोका वाढतो. पण त्या कारणाने पंखा थांबत नाही, की पडदा काळा होत नाही.

माहिती जपा

संगणक पुन्हा उठला, तर पहिले काम कोणते? हिशेबाची प्रत काढणे! एक प्रत पेन ड्राईव्हवर काढा. ती दुसरीच्या घरी ठेवा. एक प्रत कागदावर छापून गटाच्या वहीत लावा. दर महिन्याला हे करा. बी-बियाणे आपण एकाच कणगीत ठेवतो का?

संगणक उठलाच नाही, तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्क चांगली असेल, तर माहिती मिळते. म्हणून जुनी पेटी भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. अगदीच निकामी पेटी असेल, तर ती कचऱ्यात टाकू नका, आणि वायरी जाळू नका. त्या धुरात विष असते. जुन्या यंत्रांत शिसे असते. अशा कचऱ्यासाठी सरकारचे वेगळे नियम आहेत. नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या नोंदलेल्या केंद्रातच पेटी द्यावी.

यंत्र माणसाने बनवले आहे. त्याचा दोष माणसाला शोधता येतो. त्यासाठी फार शिकलेले असायला हवे असे नाही. वाचता यावे, मोजता यावे, लिहून ठेवता यावे, आणि धीर असावा. यातल्या तीन गोष्टी तुम्ही आता शिकला आहात. चौथी तुमच्यापाशी आधीपासूनच आहे.

लक्षात ठेवा

१. आधी वीज बघा, मग वायर, मग पेटी.
२. पेटी उघडण्याआधी वायर सॉकेटातून काढा.
३. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका.
४. आवाज मोजा, अक्षरे उतरवून घ्या.
५. भिजलेला संगणक चालू करू नका.
६. हिशेबाच्या दोन प्रती ठेवा.

प्रश्न

१. सगळ्या पेटीत कुठेच दिवा नाही, आवाज नाही. तुम्ही आधी काय बघाल?
२. रॅम आणि हार्ड डिस्क यांत फरक काय? फळा आणि वही यांचे उदाहरण देऊन सांगा.
३. सेलवरच्या २०३२ या आकड्याचा अर्थ काय?
४. गटात पंधरा बायका आहेत. प्रत्येक जण महिन्याला दोनशे रुपये भरते. दोन वर्षांत किती रुपये जमतील? हा हिशेब तुम्ही कुठे कुठे लिहून ठेवाल?
५. तुमच्या गावच्या शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला संगणक बघून या. त्याची पेटी जमिनीवर आहे की टेबलावर? मागे वीतभर जागा आहे का? वर्गात सर्वांना सांगा.